सेरंगूनच्या आंटी परदेशी गेल्या

मला खोली मिळाली ती मी एकटी होते म्हणून. एरवी एकटी असणं हे खोली न मिळण्याचं कारण असतं, म्हणून ही गोष्ट आधी सांगते.

सिंगापूरला मी पोस्टडॉक म्हणून, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पीएचडी झालेली तर अख्ख्या गल्लीत पहिली. वडील लातूरकडच्या एका बसस्टँडच्या कँटीनमध्ये भजी तळायचे, आई अंगणवाडीत खिचडी शिजवायची. हे मी मिरवत नाही, पण कुणी विचारलं तर पुरतं सांगते, अर्धं झाकून नाही. माझी लॅब बुओना व्हिस्टाला. समुद्राचं पाणी गोडं करायला जे पातळ पडदे वापरतात त्यांच्यावर शेवाळ धरू नये, यावर माझं काम. नोकरी मेरिटवर मिळाली होती. घर मेरिटवर मिळत नाही हे इथं येऊन कळलं.

जाहिरातीत सरळ लिहिलेलं असायचं, इंडियन नको. काही ठिकाणी लिहिलेलं नसायचं, पण माझा आवाज ऐकून खोली अचानक गेलेली असायची. मग वाटलं, आपल्या माणसांकडे बघावं. एका काँडोतल्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या, मराठी बाईंकडे जादाची खोली होती. फोनवर फार गोड बोलल्या. मूळच्या कुठल्या, आडनाव काय म्हणालात, वडील काय करतात, एकट्याच का, घरी लग्नाचं बघत नाहीत का. मी एकेक उत्तर दिलं. शेवटी म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलून कळवते हं." ते कळवणं अजून चालू आहे.

शेवटी आंटी मिळाल्या. त्यांचा फ्लॅट सेरंगूनला, मोठ्या मॉलच्या मागच्या, सरकारनं बांधून विकलेल्या इमारतीत. दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये कुंडीत कढीपत्ता आणि तुळस. आंटी तमिळ, सत्तरीच्या पुढच्या, विधवा. त्यांनी मला बाहेरच उभं करून मुलाखत घेतली. त्या त्यांच्या इंग्रजीत बोलायच्या, वाक्याच्या शेवटी इथला 'लाह्' लावून. मी इथं मराठीत लिहिते आहे, कुठं कुठं त्यांचे शब्द तसेच ठेवते.

"सिंगल?"

"सिंगल."

"बॉयफ्रेंड?"

"नाही."

"घरी कोण येणार?"

"कोण येणार, आंटी? माझं इथं कुणीच नाही."

"गुड. माझ्याकडे पण कुणी येत नाही. फिश खातेस?"

"खाते."

"व्हेरी गुड. मागची टेनंट व्हेजिटेरियन होती. माझ्या कोळंबीच्या सांबाल चटणीच्या वासानं रडायची. आत ये."

असं ते जमलं. सरकारी फ्लॅटमधली खोली भाड्यानं देता येते, पण मालकानं स्वतः त्या घरात राहिलं पाहिजे. म्हणजे आंटी तिथं होत्या तोवर मी तिथं. त्या वेळी हा नियम मी नुसता वाचून सोडून दिला.

आंटींचा जन्म सिंगापूरचा. त्यांचे वडील तंजावरकडून आलेले. आंटी शाळा शिकल्या आणि एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर झाल्या, त्या थेट निवृत्तीपर्यंत. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, तो गेला. एकुलता मुलगा पर्थला. इंडियाला त्या आयुष्यात दोनदा गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा पोट बिघडून परत आल्या होत्या. टीव्हीवर भारतातली बातमी लागली की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "युअर कंट्री, आह?" जणू तिथं जे काही झालं ते मीच करून आले होते.

आमचं बरं चाललं होतं. मी मेट्रोच्या सर्कल लाइननं सकाळी जायची, संध्याकाळी यायची. आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "यू ईट ऑलरेडी?" जेवलीस का हाच इथला नमस्कार. खाल्लं नसेल तर रागवायच्या आणि खाल्लं असेल तर काय खाल्लं ते विचारून त्यावर रागवायच्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. एक सासू तर मिळाली, नवरा नसला तरी."

मग आंटींच्या डोक्यातून गोष्टी जायला लागल्या. आधी बारीकसारीक. फ्रिजमध्ये चष्मा, तांदळाच्या डब्यात किल्ली. मग दुपारी जेवल्यावर पुन्हा ताट घ्यायचं. मला एकदा विचारलं, "तू कधी आलीस?" मी म्हटलं, मी इथंच राहते, आंटी. "ते माहीत आहे," त्या म्हणाल्या, "आज कधी आलीस विचारते." सावरायला फार हुशार होत्या.

मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. आंटींचा फोनवरचा आवाज मी ऐकला तेव्हा चकित झाले. घरात खरखरीत बोलणारी ही बाई फोन हातात आला की ताठ बसायची आणि गळ्यातून दुसराच आवाज निघायचा, गुळगुळीत, न घाबरणारा. सगळी उमर त्या आवाजावर पगार घेतलेला. डोकं झिजत होतं तरी तो आवाज शाबूत होता, त्यामुळे मुलाला संशय यायला काही जागाच नव्हती. अडचण एवढीच की तो प्रश्न विचारायचा.

एक दिवस आंटींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "कॉल सुरू झाला की फोनच्या मागं उभी राहा. मी अडकले की दाखव."

"काय दाखवू?"

"जे विचारेल ते. जेवले का, गोळी घेतली का, आज वार कुठला."

"मला तमिळ कुठं येतं?"

"येईल. आमच्या हॉटेलात असंच होतं. गेस्ट चिडला आणि मुलगी अडकली की सुपरव्हायझर मागून चिठ्ठी धरायची. मुलगी वाचायची. गेस्टला काही कळायचं नाही. कळता कामाच नये."

"आंटी, तो गेस्ट नाही, तुमचा मुलगा आहे."

"मुलाला कळलं तर मला ओल्ड-एज होममध्ये टाकेल. मग तुझी खोली कुठं राहील?"

बाई रोखठोक होती. मलाही रोखठोक माणूस समजतं. मी उभी राहिले.

पुढं कितीतरी महिने मी संध्याकाळी त्या फोनच्या मागं उभी होते. तमिळ अशा रीतीनं शिकणारी मी एकटीच असेन. साप्टिया म्हणजे जेवलीस का, मग मी दुपारचं भांडं वर धरायची आणि आंटी भांड्यात डोकावून सांगायच्या, मासे. मातिरै म्हणजे गोळी, मग गोळ्यांचा डबा. वार विचारला की भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं तसलं. नातीची चौकशी आली की तिचा फ्रेममधला फोटो. कधी प्रश्न माझ्या अंदाजाबाहेरचा असायचा. मग मी हात पसरायची आणि आंटी त्या गुळगुळीत आवाजात म्हणायच्या, "तू आधी तुझं सांग, तब्येत कशी आहे?" मुलगा स्वतःबद्दल बोलायला लागायचा. कुठलाही माणूस लागतो. हे कौशल्य त्यांच्याकडं शेवटपर्यंत राहिलं.

माझ्या मनात काय होतं असं कुणी विचारलं तर सांगते. घर त्यांचं, डोकं त्यांचं, मुलगा त्यांचा. त्यांनी सांगितलं ते मी केलं. शिवाय मला त्या घराबाहेर पडायचं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

ते संपलं एका कामाच्या दिवशी. लॅबमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. एका हॉटेलची रिसेप्शनिस्ट.

"तुमच्या आजी आमच्या लॉबीत बसल्या आहेत. पर्समध्ये तुमचा नंबर सापडला."

"आजी नाहीत. माझ्या घरमालकीण आहेत."

"बरं. पण तुम्ही याल ना?"

मी प्रयोग तसाच टाकून गेले. आंटी लॉबीतल्या सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, लिपस्टिक, केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर हँडबॅग. कुणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास तसाच भरलेला. त्या ड्युटीवर आल्या होत्या. दोन गाड्या बदलून, बरोबर स्टेशनला उतरून, बरोबर दारातून आत. तिथं आता टेलिफोन ऑपरेटरची खोलीच नव्हती.

मला बघून त्या ओळखीचं हसल्या नाहीत. कुणाकडं तरी तक्रार करावी तसं म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून माझी खुर्ची दुसरीला दिली. रूल म्हणजे रूल, आय डोन्ट माइंड. पण आधी सांगायचं तरी."

रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी आंटींचा हात धरला आणि बाहेर आणलं.

परतीच्या गाडीत दोनतीन स्टेशनं गेल्यावर त्यांचं डोकं जागेवर आलं. साडीकडं बघितलं, लिपस्टिक रुमालानं पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नकोस."

"सांगणार, आंटी."

"तुझी खोली जाईल."

"माहीत आहे."

"स्टुपिड गर्ल." थोड्या वेळानं पुन्हा, "मी तुला रोज फिश दिली."

"दिली ना. म्हणूनच सांगणार. उद्या तुम्ही रुळावर उतरलात तर मी मागून काय दाखवू?"

आमच्या समोर शाळेच्या गणवेशातली दोन पोरं फोनवर खेळत होती, आंटी त्यांच्याकडं बघत बसल्या.

संध्याकाळी कॉल आला तेव्हा फोनसमोरच्या खुर्चीत मी बसले. आंटी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी मुलाला सगळं सांगितलं, हॉटेलचंही आणि भांड्याचंही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुम्ही फोनच्या मागं उभ्या होतात?"

"हो."

"रोज?"

"हो."

"थँक यू," तो म्हणाला. हा टोमणा होता की आभार ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. सकाळी आंटी माझ्यावर रागावल्याचं विसरून गेल्या होत्या. "यू ईट ऑलरेडी?" म्हणाल्या.

मुलगा आला. पन्नाशीचा, थकलेला, सभ्य माणूस. त्याला वाईट ठरवणं मला सोपं गेलं असतं, पण तो वाईट नव्हता. त्यानं आईला डॉक्टरकडं नेलं, घरात दिवसभराची बाई ठेवली. आंटींनी त्या बाईला बाहेर काढून आतून कडी लावली. दुसरी ठेवली, तिच्यावर चोरीचा आळ घेतला, चोरीला गेलेलं पातेलं स्वतःच्या पलंगाखाली असताना. व्हिसाच्या नियमांमुळे ऑस्ट्रेलियात आईला कायमचं नेता येईना. इथली दोन होम बघून आला. म्हणाला, तिथं आजूबाजूच्या सगळ्या बायका चिनी बोलीत बोलतात, ही कुणाशी बोलणार?

मग एका संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्यानं मला फोटो दाखवले. कोइमतूरच्या बाहेर एक वृद्धनिवास. नारळाची झाडं, लाल फरशी, पांढऱ्या साडीतल्या नर्सबाई.

"सगळे तमिळ बोलणारे. आपलं जेवण. आपली माणसं," तो म्हणाला. "तुम्हाला तर माहीतच आहे. इंडिया कसा असतो."

"मला कोइमतूर जेवढं माहीत आहे तेवढंच पर्थ माहीत आहे," मी म्हणाले. "कोल्हापूरच्या खाली मी कधी गेले नाही. तुम्ही राहिलाय तिथं कधी?"

"नाही."

"आणि त्या?"

त्यानं लॅपटॉप मिटला. "दुसरं काही असेल तर सांगा," म्हणाला. "खरंच सांगा. मी ऐकतो."

माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मला खोली सोडायला त्यानं पुरेशी मुदत दिली, तीही न मागता. एवढंच विचारलं मी, "त्यांना सांगितलंत?"

"देवळाला जाऊन येऊ असं सांगेन. पळनीला. दोन आठवड्यांसाठी."

"हे खोटं आहे."

"सांगून उपयोग काय? उद्या विसरेल."

"मग उद्या परत सांगायचं."

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. चिडून नाही. दमून.

मी सांगितलं. ब्लॉकखालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे कॉफीच्या टपऱ्या असतात त्या उघड्या हॉलमध्ये, आंटी सकाळी कोपी-ओ-कोसोंग घेत. काळी कॉफी, बिनसाखरेची. मी समोर बसून म्हटलं, आंटी, तुमचा मुलगा हा फ्लॅट विकतो आहे. तुम्हाला इंडियात एका होममध्ये ठेवणार आहे.

"कुणाला?"

"तुम्हाला."

"किती दिवस?"

"कायमचं."

त्यांनी कप बशीत ठेवला. "माझा पासपोर्ट कुठल्या रंगाचा?"

"लाल."

"तुझा?"

"निळा."

"मग इंडियाला तू जा. मी इथं जन्मले. मी तिथं जाऊन काय करू? तिथं माझं कोण आहे? मला तिथला बसचा नंबर पण माहीत नाही." आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचा म्हातारा पेपर खाली करून बघायला लागला. "एकट्या बाईनं परक्या देशात जाऊन राहायचं, हे तुझं काम. तू यंग आहेस. मी कशाला?"

मग उठल्या, बाजारात गेल्या, मासेवाल्याशी भांडून मासे घेतले. दुपारी ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली होती. संध्याकाळी हॉलमधली सूटकेस बघून विचारलं, "कोण जातंय?" मी परत सांगितलं.

असं चालू झालं. जवळजवळ रोजच. मी आपणहून सांगायची नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलायची नाही. प्रत्येक वेळी ती बातमी त्यांना पहिल्यांदाच कळायची. एकदा हसल्या, म्हणाल्या, जोक करू नकोस. एकदा माझ्या हातावर चापट मारली. एकदा कढीपत्त्याच्या कुंडीला कोण पाणी घालणार एवढंच विचारलं. एकदा आत जाऊन नवऱ्याच्या फोटोला तमिळमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. त्यातलं 'पोग माट्टेन' एवढं मला कळलं, जाणार नाही. मुलगा दुसऱ्या खोलीत असायचा. त्याला सगळं ऐकू जायचं.

आईला मी हे फोनवर सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल बरोबर केलंस.

"रोज?" आई म्हणाली. "रोज सांगायलीस?"

"विचारतात म्हणून."

"अगं, फाशीची शिक्षा असली तरी एकदाच वाचून दाखवतेत. तू रोज वाचायलीस व्हय? इतकं शिकून हेच केलीस का?"

"मग खोटं सांगू? तुला न सांगता कुणी उचलून परक्या गावाला नेलं असतं तर?"

"नेलंच की," आई म्हणाली. "लग्न करून आणलं मला. कुणी विचारलं होतं? परसाकडं कुठं जायचं ते सुद्धा कुणी सांगितलं नव्हतं." मग, "जेवलीस का?"

मी फोन ठेवला. आईचं पटलं नाही मला, आजही पुरतं पटलेलं नाही. पण त्यानंतर आंटींनी विचारलं की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायला लागले. सांगायची तेव्हाही, आणि सांगायच्या आधीही.

जायचा दिवस ठरला तेव्हा आंटींनी एकच हट्ट धरला. टेनंट येणार असेल तरच त्या येणार. माझं नाव त्यांना आता आठवायचं नाही, पण टेनंट म्हणजे कोण ते पक्कं माहीत होतं. मुलानं माझं तिकीट काढलं. लॅबच्या बॉसला मी सांगितलं, घरमालकिणीला पोचवायला इंडियाला जायचंय. तो म्हणाला, ओ, घरी जाऊन येतेस, छान. मी समजावत बसले नाही.

घरातून निघताना आंटींनी गॅस बघितला, नळ बघितले, दाराला दोनदा कुलूप लावलं आणि किल्ली हँडबॅगेत टाकली. मुलानं ती मागितली नाही.

कोइमतूरला उतरल्यावर रांगा वेगळ्या झाल्या. भारतीय पासपोर्टची माझी, परदेशी पासपोर्टची त्यांची. माझ्या रांगेत सगळे भराभर पुढं जात होते. अधिकाऱ्यानं माझ्याशी तमिळमध्ये काहीतरी बोलून शिक्का मारला. मी पुढं जाऊन त्यांच्या काउंटरजवळ थांबले. पलीकडच्या रांगेत आंटी, कांजीवरम नेसलेल्या, केसांत मुलानं निघताना घेऊन दिलेला गजरा. त्या रांगेत त्यांच्याइतकी इथली दिसणारी दुसरी बाई नव्हती. अधिकारी तरुण होता, त्यानं कौतुकानं विचारलं, "पाटी, सोंद ऊर येदु?" म्हणजे आजी, मूळ गाव कुठलं.

"सेरंगून," आंटी म्हणाल्या.

तो मुलाकडं बघायला लागला. मुलगा घाईघाईनं तंजावर म्हणाला.

वृद्धनिवास फोटोत होतं तसंच होतं, हे मला सांगितलं पाहिजे. फरशी खरंच लाल होती, माणसं खरंच प्रेमळ होती. आंटींना कॉफी दिली, घट्ट दुधाची, गोड, फेसाळ. आंटी म्हणाल्या, "कोपी-ओ-कोसोंग." कॉफी आणणाऱ्या पोरीला समजलं नाही, तिनं आणखी साखर आणली. बायका भोवती जमल्या, कुठून आल्या, किती मुलं. आंटी तमिळमध्येच बोलत होत्या, पण त्यात बाजाराला पासार म्हणत होत्या आणि झालं म्हणायला सुडा. हे मलय शब्द सिंगापूरच्या तमिळ घरांत कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. इथं बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वाईट मनानं नाही. एक जण दुसरीला म्हणाली, फॉरिन पाटी. संध्याकाळपर्यंत तेच नाव पडलं.

रात्री मी पाहुण्यांच्या खोलीत झोपले. सकाळी मला परत जायचं होतं. मुलगा आणखी काही दिवस थांबणार होता. तो ऑफिसात व्यवस्थापकांशी औषधांचं बोलत होता, तेव्हा मी आंटींच्या खोलीत गेले. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. बूट घातलेले, हँडबॅग मांडीवर. खिडकीतून कुणीतरी नारळ खवत असल्याचा आवाज येत होता.

"तुझी फ्लाइट कधी?"

"आता निघते, आंटी."

"आणि माझी?"

सेरंगूनला हे मी किती वेळा सांगितलं होतं. पण तिथं त्या स्वतःच्या खुर्चीत असायच्या. उठून जायला बाजार होता, भांडायला मासेवाला होता, चापट मारायला मी होते. इथं उठल्या असत्या तर कुठं गेल्या असत्या? मुलासारखं 'दोन आठवड्यांनी' एवढं म्हटलं की झालं असतं. त्यात माझं काहीच जात नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या, नेहमीसारख्या, दारात उभं करून मुलाखत घेत असल्यासारख्या.

"तुमची नाही, आंटी," मी म्हणाले. "तुम्ही आता इथंच राहणार."

"आय नो," त्या म्हणाल्या. "तू सांगतेस का ते बघत होते."

खरंच माहीत होतं, की तेव्हाही त्यांनी सावरून घेतलं, हे मला सांगता येणार नाही. मी खूप विचार केला आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. "शूज आहेत. डर्टी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जा. एअरपोर्टला वेळेच्या आधी जावं."

तेवढ्यात घंटा वाजली. कालचीच कॉफीवाली पोरगी त्यांना नाश्त्याला न्यायला आली, "वांगा, पाटी," म्हणजे चला, आजी. आंटी उठल्या, हँडबॅग कोपरात अडकवली, पदर सारखा केला.

"विच टेबल?" त्यांनी तिला फोनवरच्या त्या गुळगुळीत आवाजात विचारलं.

पोरगी नुसती हसली. तिला इंग्रजी येत नव्हतं. आंटींनी पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. पोरीनं त्यांचा हात धरला आणि व्हरांड्यातून घेऊन गेली. वळणापर्यंत आंटी तिला तेच विचारत होत्या.